कर्ता कुठे गेला?

पर्यावरणावरचं लेखन मी खूप वाचते, थोडं लिहिते आणि इतरांनी लिहिलेलं तपासूनही देते. तपासायला आलेल्या लेखांत एक वाक्य हटकून भेटतं. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच: 'मानवाच्या हव्यासापोटी निसर्गाचा प्रचंड ऱ्हास होत आहे.' या वाक्यावरून कुणाचं भांडण झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. नदीत रसायनं सोडणारा यावर मान डोलावेल, रातोरात डोंगर पोखरणारा डोलावेल, व्यासपीठावरून म्हटलं तर टाळ्याही पडतील. टाळ्या वाजवून झाल्या की सगळे आपापल्या कामाला लागतील, डोंगर पोखरणारासुद्धा.

वाक्य खोटं नाही. अडचण कर्त्याची आहे. ऱ्हास 'होत आहे', जणू आपोआप. आणि करणारा म्हणून जो 'मानव' पुढे केलाय त्याला ना नाव, ना गाव. त्याच्यात डोंगर पोखरणाराही आला आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहणारी म्हातारीही आली. कर्ता लपवायच्या सोयी आपल्या भाषेत मुबलक आहेत. झाडं तोडली गेली. नदी दूषित झाली. हवा बिघडली. वाचताना वाटावं, नदीनेच एके दिवशी मनावर घेतलं आणि ती दूषित झाली. अशा वाक्यांच्या समासात मी पेन्सिलीने एकच शब्द लिहिते: 'कोणी?'

काहींना त्याचा राग येतो. 'ते सगळ्यांना माहीतच आहे हो,' म्हणतात. सगळ्यांना माहीत असेल तर लिहायला काय हरकत आहे, यावर मग जरा शांतता. काही जण मात्र खरंच शोधायला जातात, आणि त्यांचा लेख परत येतो तेव्हा ओळखू येत नाही. नमुन्यादाखल सांगते. आधीचं वाक्य असतं: 'वाढत्या शहरीकरणामुळे नदीच्या प्रदूषणात चिंताजनक वाढ झाली आहे.' शोधून आल्यावर तेच असं होतं: 'सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राचे पंप रात्री बंद ठेवतात. सकाळी पुलाच्या वरच्या अंगाला पाणी नुसतं गढूळ असतं, खालच्या अंगाला त्यावर फेस असतो.' दुसऱ्या मजकुरात प्रदूषण हा शब्दसुद्धा नाही, चिंता नाही, वाढ नाही. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न सुरू होतात. पंप कोण बंद ठेवतं? विजेचं बिल कोण भरतं? केंद्र बांधताना ते बिल कुणी धरलंच नव्हतं का? मन वळवणं म्हणतात ते इथून सुरू होतं. वाचक स्वतःच चौकशीला लागतो, लेखकाने त्याला ओढत न्यावं लागत नाही.

या कामातली सर्वांत मोठी गुरू म्हणजे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ आणि लेखिका रेचल कार्सन. १९६२ साली तिचं कीटकनाशकांवरचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं. पक्ष्यांचा आवाज गेलेल्या एका काल्पनिक गावाने ते सुरू होतं, आणि बहुतेकांच्या लक्षात राहतं तेच गाव. टीकाकारांनीही बोट तिथेच ठेवलं: असं गाव आहे कुठे? मला विचाराल तर पुस्तकाची ताकद त्या गावात नाही. ती आहे पुढच्या प्रकरणांतल्या कंटाळवाण्या वाटाव्यात अशा तपशिलांत. त्यातला क्लिअर लेकचा भाग मी दर थोड्या दिवसांनी काढून वाचते. वाचायला लागले की तो कसा बांधलाय तेच बघत बसते.

क्लिअर लेक हे कॅलिफोर्नियातलं एक मोठं तळं. तिथे मासे धरायला हौशी लोक येत. त्यांना एका चिलटाचा त्रास व्हायचा. हे चिलट चावतसुद्धा नाही, नुसतं थव्याने अंगाभोवती घोंघावतं. ते घालवायला १९४९ साली तळ्यात डीडीडी हे कीटकनाशक टाकलं. हे डीडीटीचंच भावंड, माशांना त्यामानाने कमी घातक समजलेलं. मात्राही अगदी जपून ठरवली: ७ कोटी भाग पाण्याला १ भाग औषध. चिलटं गेली, पुन्हा आली. १९५४ साली पुन्हा टाकलं, या वेळी ५ कोटींना १ भाग. त्या हिवाळ्यात तळ्यावर ग्रीब मरायला लागले. ग्रीब म्हणजे आपल्या टिबुकलीचा थोराड भाऊबंद. शंभराच्या वर मेले. १९५७ साली चिलटांसाठी तिसरी फवारणी झाली आणि ग्रीब आणखी मेले. रोग म्हणावा तर कसला रोग सापडेना. मग कुणाला तरी सुचलं, की त्यांची चरबी तपासून पाहावी.

पाण्यात औषधाचं प्रमाण होतं दर दहा लाख भागांत ०.०२. तळ्यातल्या सूक्ष्म जीवांत ते निघालं ५. ते जीव खाणाऱ्या माशांत ४० ते ३००. ग्रीबच्या चरबीत १,६००. पाण्याच्या ८० हजार पट. पहिल्या फवारणीआधी तिथे ग्रीबच्या हजारावर जोड्या वीण घालत. १९६० साली सुमारे ३० उरल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर पिल्लू दिसत नव्हतं.

यात कार्सन कुणाला शिव्या देत नाही. औषध टाकणारे लोक काळजी घेणारे होते, मोजूनमापून टाकणारे होते, हे ती सांगते. आणि तेवढ्यानेच वाचकाच्या पोटात गोळा येतो. निष्काळजीपणाने झालं असतं तर 'यापुढे नीट टाका' म्हणून विषय मिटला असता. इथे सगळं नीट करूनही असं झालं होतं. रसायन पाण्यातून सूक्ष्म जीवात, तिथून माशात, माशातून पक्ष्यात जातं आणि दर पायरीला साठत जातं, हा सगळा जिना वाचक तिच्याबरोबर स्वतः चढलेला असतो. वरच्या पायरीवर पुढचा कोण, हे तिला सांगावं लागत नाही. तळ्यातले मासे माणसंही खात होतीच.

पुस्तक आल्यावर रसायन कंपन्यांनी तिच्यावर झोड उठवली. भावनेच्या आहारी गेलेली बाई, असंही म्हणून झालं. पण पुस्तकाच्या शेवटी संदर्भांची पन्नासेक पानं होती. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने तिच्या म्हणण्याला बळ दिलं, आणि १९७२ साली अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी आली. तोवर ती हयात नव्हती, १९६४ मध्येच कर्करोगाने गेली. एक गोष्ट तिचे विरोधक विसरतात आणि भक्तही विसरतात: कीटकनाशकं पूर्ण बंद करा असं तिने कधी म्हटलंच नाही. काय, कुठे, किती आणि न तपासता का, एवढंच तिचं म्हणणं होतं. माफक मागणीमागे भक्कम पुरावा उभा केला की विरोध करणाऱ्याची पंचाईत होते. आपल्याकडचे बरेचसे पर्यावरण-लेख याच्या बरोब्बर उलट असतात, पुरावा चिमूटभर आणि मागणी जगाच्या उद्धाराची.

आता दुसरी बाजू. कर्त्याचं महत्त्व पर्यावरणवाद्यांच्या आधी जाहिरातवाल्यांनी ओळखलं असं मला वाटतं. १९७१ साली अमेरिकी दूरदर्शनवर एक जाहिरात लागली. मूळनिवासी वेशातला एक माणूस नदीतून होडी वल्हवत येतो. पाण्यात कचरा, मागे कारखान्यांचा धूर. तो काठावर उतरतो, रस्त्याच्या कडेला उभा राहतो. धावत्या मोटारीतून कुणीतरी कचऱ्याची पिशवी भिरकावतं, ती त्याच्या पायाशी फुटते. कॅमेरा चेहऱ्यावर जातो. डोळ्यांतून एक थेंब ओघळतो. प्रदूषण लोक सुरू करतात आणि लोकच ते थांबवू शकतात, अशा अर्थाची ओळ मागून ऐकू येते. लाखो लोक हेलावले. आजही ती पाहिली तर आवंढा येतो, इतकी ती बेतशीर आहे.

ती काढणाऱ्या 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' या संस्थेच्या मागे, १९५३ सालच्या स्थापनेपासून, डबे, बाटल्या आणि शीतपेयं बनवणाऱ्या कंपन्या होत्या. त्याआधी पेयाची बाटली परत घेऊन, धुऊन, पुन्हा भरायची रीत होती. मग कंपन्यांनी एकदा वापरून फेकायचे डबे आणि बाटल्या आणल्या. वाहतूक वाचली, धुणं वाचलं, आणि रस्त्याकडेला कचऱ्याचे ढीग लागले. त्याच १९७१ साली ओरेगॉन राज्याने रिकामी बाटली परत आणणाऱ्याला अनामत परत देण्याचा कायदा केला. असल्या कायद्यांना याच उद्योगांचा कडवा विरोध होता. जाहिरातीत मात्र कर्ता कोण? मोटारीतून पिशवी टाकणारा. कारखान्याचा धूर मागे दिसतो, पण तो नेपथ्याचा भाग आहे, त्याला कुणी काही विचारत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावी, तीही इतक्या सुंदर छायाचित्रणात! आणि गंमत म्हणजे तो रडणारा नटही मूळनिवासी नव्हता, इटालियन आई-बापांचा मुलगा होता.

पुढे २००० नंतरच्या दशकात हाच डाव बीपी या तेल कंपनीने जास्त सफाईने टाकला. प्रत्येकाने आपापली कार्बन पदचिन्हं, म्हणजे आपल्यामुळे हवेत किती कार्बन जातो ते, मोजावीत, असा तिचा जाहिरातींचा धडाका होता, मोजायला गणकयंत्रही दिलं होतं. कल्पना मुळात वाईट नाही, आणि ती कंपनीने शोधलेलीही नाही. पण तेल उपसणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला 'तुझा हिशेब दाखव' म्हणायचं, यात जी हुशारी आहे तिला दाद द्यायलाच हवी. तेव्हापासून पर्यावरणावर लिहिणारे निम्मे लोक वाचकाला अपराधी वाटायला लावण्यात गुंतले आहेत. अपराधी वाटलेला माणूस काय करतो? एक तर कापडी पिशवी घेऊन स्वतःची सुटका करून घेतो, नाहीतर चिडतो आणि उरलेला लेख वाचत नाही.

याचा अर्थ सगळं खापर कंपनीवर फोडलं की लेख चांगला झाला, असाही नाही. खलनायक शोधायची घाई ही त्याच आळसाची दुसरी तऱ्हा आहे. गिधाडांचंच घ्या.

भारतातली गिधाडं १९९० नंतर झपाट्याने कमी झाली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारात एक उरलं. झाडावर बसल्या बसल्या त्यांच्या माना लोंबायच्या, मग ती खाली पडायची. सुरुवातीला संशय विषाणूवर गेला, मग कीटकनाशकांवर. 'मानवाच्या हस्तक्षेपामुळे गिधाडे नामशेष होत आहेत' हे वाक्य त्या काळातही लिहिता येत होतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं. उपयोग मात्र शून्य.

पाकिस्तानात शवविच्छेदन करणाऱ्या चमूला मेलेल्या गिधाडांच्या आतड्यांवर, काळजावर पांढरा खडूसारखा थर दिसला. युरिक आम्ल. म्हणजे मूत्रपिंडं निकामी झालेली. मग त्यांनी प्रश्न फिरवला. गिधाड खातं काय? मेलेली गुरं. गुरांना असं काय देतात, की जे मूत्रपिंडाला घातक आहे? पशुवैद्यांना आणि औषधविक्रेत्यांना विचारत ते एका वेदनाशामकापर्यंत पोचले, डायक्लोफेनॅक. तपासलं तर तो पांढरा थर असलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत औषध सापडलं. थर नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. पाठोपाठ गणित आलं, की शंभर मढ्यांत एखाद्यात जरी ते औषध असलं तरी एवढी पडझड व्हायला पुरेसं आहे.

इथे खलनायक शोधून पाहा. लंगडणाऱ्या बैलाचं दुखणं कमी व्हावं म्हणून सुई टोचून घेणारा शेतकरी? स्वस्त आणि गुणकारी औषध देणारा पशुवैद्य? कुणीही गिधाडांचं वाईट चिंतलं नव्हतं. कर्ता होता, पण दुष्ट नव्हता. अशा वेळी कर्ता सापडल्यावर पुढचा प्रश्न विचारावा लागतो: हे थांबवणं कुणाच्या हातात आहे? शेतकऱ्याच्या हातात फारसं नव्हतं. औषधांना परवानगी देणाऱ्या खात्याच्या होतं. लेखनाचा, अहवालांचा, अर्जांचा रोख तिकडे वळला. 'मग जनावरांना द्यायचं काय?' हा रास्त प्रश्न आला, त्याला मेलोक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारं औषध उत्तर म्हणून हजर होतं. २००६ साली भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्यांच्या आकारावरही मर्यादा आली. गिधाडं अजून परतलेली नाहीत, पण घसरण मंदावली.

मला यातलं विशेष वाटतं ते हे, की गिधाड दिसायला अजिबात गोड नाही. वाघाचं पिल्लू किंवा कासवाचं पिल्लू छापून जी करुणा मिळते ती इथे मिळण्याची शक्यता नव्हती. २५ पैकी २५ आणि १३ पैकी शून्य, या दोन आकड्यांनी काम केलं. गिधाडं गेल्याने माणसांचं काय झालं याचा हिशेब खूप नंतर आला: २००० ते २००५ या काळात त्यामुळे भारतात सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात आहे. असले 'उपयोगाचे' युक्तिवाद मी वापरते, पण बेताने. उपयोगावर उभा केलेला बचाव उपयोग संपला की कोसळतो. उद्या मढी उचलायची यंत्रं आली तर गिधाडाने काय करायचं?

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण नवे लेखक सगळ्यांत जास्त भाबडा विश्वास आकड्यांवर ठेवतात. मोठा आकडा म्हणजे मोठा परिणाम, असं त्यांना वाटतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एक पाहणी झाली. टाकाऊ तेलाच्या उघड्या डबक्यांत स्थलांतर करणारे पक्षी पडून मरतात. डबक्यांवर जाळी घालायला तुम्ही किती पैसे द्याल? एका गटाला सांगितलं २ हजार पक्षी वाचतील, दुसऱ्याला २० हजार, तिसऱ्याला २ लाख. उत्तरांची सरासरी अनुक्रमे ८०, ७८ आणि ८८ डॉलर. पक्षी शंभरपट वाढले आणि कळवळा जेमतेम दहा टक्के वाढला. लोक निर्दय होते म्हणून नव्हे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पंखांना तेल माखलेला एकच पक्षी आला होता, आणि पैसे त्यालाच मिळाले. म्हणून आकडा द्यायचा तर ग्रीबच्या चरबीतल्या आकड्यासारखा द्यावा, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चढत जाणारा, ज्यात काहीतरी घडतं. नुसती शून्यं रांगेत उभी करून काही हलत नाही.

आणि 'सगळेच असं करतात' हे तर लिहूच नये. अ‍ॅरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात कोट्यवधी वर्षांपूर्वीची, दगड झालेली झाडं आहेत. येणारे जाणारे त्यांचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवून वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. 'आधीच्या अनेकांनी तुकडे नेल्याने इथलं रूप बदललंय' अशा अर्थाची, हळहळणारी पाटी होती तिथे जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले. 'कृपया तुकडे नेऊ नका' एवढंच सांगणारी पाटी होती तिथे २ टक्क्यांहून कमी. हळहळीने चोरी वाढवली. अनेक जण नेतात म्हणजे नेण्यात विशेष काही नाही, आणि शिवाय लवकर नेलेलं बरं! आपल्या लेखांतलं 'आज प्रत्येक जण बेफिकीर झाला आहे' हे वाक्य याच पाटीचं भावंड आहे.

खरेपणाबद्दलही बोलायला हवं, कारण मन वळवायच्या नादात हात सैल सुटतो. २२ जून १९६९ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या कायहोगा नदीला आग लागली. नदीला, म्हणजे तिच्यावर तरंगणाऱ्या तेलाला आणि कचऱ्याला. अर्ध्या तासाच्या आत विझली, दोन रेल्वे पूल भाजले. ऑगस्टमध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्यावर लिहिलं, ज्वाळांनी वेढलेल्या नावेचं छायाचित्र छापलं आणि देश हादरला. ते छायाचित्र १९५२ सालच्या आगीचं होतं. १९६९ची आग एवढी झटपट विझली, की ज्वाळांचं छायाचित्र कुणाला मिळालंच नव्हतं. त्या नदीला त्याआधीच्या शंभर वर्षांत अनेकदा आग लागली होती, तिथल्या लोकांना त्याचं अप्रूप राहिलं नव्हतं.

चांगल्या कामासाठी जुनं चित्र चाललं तर बिघडलं कुठे, असं विचारणारे मला भेटतात. १९७२ साली अमेरिकेत पाण्याचा कडक कायदा झाला, त्याला या आगीची प्रसिद्धी कारणी लागली, हेही खरं. तरी माझं मत वेगळं आहे. 'याच नदीला १९५२ मध्ये लागलेली ही आग. त्यानंतर सतरा वर्षांनी ती पुन्हा पेटली' असं खाली छापलं असतं तर तेच चित्र जास्त बोचलं असतं. सतरा वर्षं कोण काय करत होतं, हा प्रश्न उभा राहिला असता. आणि या प्रकरणातला खरा लिहिण्यासारखा माणूस चित्रात नाहीच. आगीच्या दुसऱ्या दिवशी महापौर कार्ल स्टोक्स पत्रकारांना घेऊन नदीकाठाने हिंडले, घाण कुठून कुठून येते त्या जागा दाखवत. एकेका नळापाशी उभं राहून. निबंधाचा आराखडा याहून चांगला मी कुठे पाहिलेला नाही.

हे सगळं ऐकून घेतलेले लोक शेवटी हवामान बदलावर येतात. तिथे नळ कुठला दाखवणार? ओझोनचा थर विरळ होत होता तेव्हा सोपं होतं, म्हणतात, आणि ते काही अंशी खरं आहे. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कारण सांगितलं, शीतकपाटांत आणि फवाऱ्यांत वापरली जाणारी सीएफसी ही रसायनं; १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट मोजून समोर आली, १९८७ मध्ये मॉन्ट्रियलला करार झाला. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, पर्याय आवाक्यात, आणि परिणाम थेट आपल्या कातडीवर. कार्बन डायऑक्साइड मात्र चुलीपासून विमानापर्यंत सगळीकडून निघतो. तिथे 'मानव' लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्यांचा सूर असतो.

तरीही तिथे शोध घेणारे निघालेच. रिचर्ड हीडी या संशोधकाने कंपन्यांचे जुने उत्पादन-अहवाल गोळा करून २०१४ साली दाखवलं, की १७५१ ते २०१० या काळातल्या औद्योगिक कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनपैकी ६३ टक्के उत्सर्जनाचा माग ९० उत्पादकांपर्यंत लागतो. खाजगी कंपन्या, सरकारी कंपन्या आणि काही देशांची सरकारं. जाळलं ते गिऱ्हाइकांनी, हे मान्यच, आणि तेही त्याच परिच्छेदात लिहायला हवं, नाहीतर पुढचा वाचक तेवढ्यावर लेख मोडीत काढेल. पण ९० ही यादी आहे. यादीला पत्ते असतात, सभा असतात, भागधारक असतात. दुसरीकडे, एखाद्या उन्हाळ्याचा संबंध हवामान बदलाशी जोडता येत नाही, हे जुनं पालुपदही आता चालत नाही. २००३च्या युरोपातल्या उष्म्याचा धोका माणसाच्या उत्सर्जनाने किमान दुप्पट झाला असावा, हे २००४ मध्येच मोजून मांडलं गेलं. २०२१च्या जूनमध्ये कॅनडातल्या लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला आणि दुसऱ्या दिवशी गाव जवळजवळ सगळं जळालं. तापमानवाढीशिवाय तो उष्मा जवळपास अशक्य होता, असं संशोधकांच्या गटाने आठवड्याभरात सांगितलं. गाव आहे, तारीख आहे, अंश आहेत. अजून 'पृथ्वीला ताप आला आहे' कशाला लिहायचं?

अलीकडे मला ललित लेखांपेक्षा हरकतींचे अर्ज वाचायला जास्त आवडायला लागले आहेत. हो, तेच रुक्ष कागद. अमेरिकेने १ जानेवारी १९७० रोजी एक कायदा केला, आणि मोठा सरकारी प्रकल्प हाती घेण्याआधी त्याचे पर्यावरणावरचे परिणाम लिहून काढायची सक्ती आली. पुढे शंभराहून जास्त देशांनी या ना त्या रूपात ती रीत उचलली. बऱ्याच ठिकाणी लोकांना हरकत घेता येते आणि घेतलेल्या हरकतीला उत्तर द्यावं लागतं. म्हणजे असा वाचक, ज्याला पान उलटून पळता येत नाही. अशा अर्जात 'निसर्ग आपली माता आहे' लिहिलं तर उत्तर येतं: 'सूचनेची नोंद घेतली.' झालं, विषय संपला. त्याऐवजी समजा कुणी लिहिलं: 'अहवालातल्या अमुक तक्त्यात नदीचा प्रवाह पावसाळ्यातला धरला आहे. उन्हाळ्यातलं मोजमाप कुणी, कधी आणि कुठे घेतलं? घेतलं नसेल तर उन्हाळ्यात सांडपाणी पुरेसं पातळ होईल हा निष्कर्ष कशावरून काढला?' अशा चार ओळी लिहायला अहवालाची सगळी परिशिष्टं वाचावी लागतात, आणि ती बहुधा मुद्दाम वाचवू नयेत अशीच छापलेली असतात. पण उत्तर देताना कुणाला तरी त्या तक्त्याखाली सही करणाऱ्याचं नाव शोधावं लागतं.